थर आणि साक्ष : अमूर्त छायाचित्राच्या नीतीविषयी

१

'छायाचित्र' हा सामासिक शब्द ज्या दोन पदांनी बनला आहे त्यांचे स्वभाव परस्परांहून भिन्न आहेत. छाया ही नेहमी कशाची तरी असते. ज्या वस्तूची ती पडली त्या वस्तूवाचून तिला अस्तित्व नाही. चित्राचे तसे नाही. चित्र कशाचे तरी असू शकते, तसेच ते कशाचेही नसू शकते. रेषा, रंग आणि अवकाश ह्यांच्या परस्परसंबंधांवर ते उभे राहू शकते. वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांच्या कॅनव्हासपुढे उभा असलेला प्रेक्षक 'हे कशाचे?' असे विचारू लागला, तर त्याचा प्रश्न चुकीच्या जागी पडला असे म्हणता येते. छायाचित्रापुढे मात्र तो प्रश्न चुकीचा ठरवता येत नाही. छायाचित्र कितीही अनोळखी झाले तरी भिंगासमोर काहीतरी होते आणि त्यावरून आलेला प्रकाश फिल्मवर अथवा संवेदकावर पडला, ही घटना पुसता येत नाही. अमूर्त छायाचित्राचा पेच येथेच सुरू होतो. ते चित्र होऊ पाहते. पण छाया असणे त्याला सोडता येत नाही.

हा पेच निर्माण करणारी तंत्रे आता नवी राहिलेली नाहीत. एकाच फिल्मवर दोन-तीन वेळा प्रकाश घेणे, शटर उघडे असताना कॅमेरा हेतुतः हलवणे, भिंगापुढे आरसे धरणे, दोन निगेटिव्ह एकावर एक ठेवून एकच प्रत काढणे, किंवा कॅमेरा बाजूला ठेवून संवेदनशील कागदावर प्रत्यक्ष वस्तू मांडून प्रकाश टाकणे, ह्या सर्व रीती विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच रूढ झाल्या. ॲल्विन लँग्डन कोबर्न यांनी १९१७ साली आरशांच्या साहाय्याने वस्तूंची ओळख मोडून टाकणारी छायाचित्रे काढली. मॅन रे आणि मोहोली-नॉज यांनी १९२०च्या दशकात कॅमेऱ्याविना प्रतिमा घडवल्या. त्याच दशकात ॲल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांनी ढगांच्या छायाचित्रांची मालिका सुरू केली आणि तिला भावस्थितींचे 'समतुल्य' म्हणून मांडले. मुंबईत अकबर पदमसी यांनी १९६९ साली नेहरू फेलोशिपच्या आधारे चित्रकार, छायाचित्रकार व चित्रपटकार यांना एकत्र आणणारी कार्यशाळा उभी केली; तेथे नलिनी मलानी यांनी कॅमेऱ्याविना छायाचित्रे केली. नसरीन मोहमदी (१९३७–१९९०) यांची रस्ते, फरशी, वाळू आणि भिंती ह्यांतून केवळ रेषा व ताण उचलणारी छायाचित्रे त्यांच्या हयातीत प्रदर्शित झाली नाहीत, ही बाबही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. संगणकाने ह्या सर्व रीती सुलभ केल्या. 'थर' हा शब्द तर आता प्रतिमा-संपादनाच्या रोजच्या परिभाषेतला झाला आहे.

ह्या तंत्रांचे सौंदर्यशास्त्रीय समर्थन करणे अवघड नाही. अवघड प्रश्न नैतिक आहे. प्रकाशाने ज्याला साक्षीदाराचा अधिकार दिला आहे, त्याने तो अधिकार न सोडता साक्ष मात्र धूसर करावी काय? आणि समोर असलेली वस्तू कोणाचे तरी घर, शेत किंवा दुःख असेल, तर तिला केवळ पोत आणि लय ह्यांचे निमित्त करण्याचा हक्क कलावंताला कोठून मिळतो? ह्या प्रश्नांचा विचार मावळ आणि लोणावळा ह्या भूप्रदेशाच्या आधारे करणे दोन कारणांनी उपयुक्त ठरते. थरांनी प्रतिमा घडवण्याचा एक महत्त्वाचा भारतीय इतिहास ह्याच परिसरात घडला, हे एक कारण. आणि येथील निसर्ग अमूर्तीकरणाला जितका अनुकूल आहे तितकाच येथील सामाजिक इतिहास त्याला अडवणारा आहे, हे दुसरे.

२

कार्ल्याच्या लेण्यांच्या पायथ्याकडील मळवली हे रेल्वे स्थानक. राजा रविवर्मा यांचा मुंबईत १८९४ साली सुरू झालेला शिळाछापखाना १८९९ च्या सुमारास येथे आला. पुढे तो फ्रिट्झ श्लायशर ह्या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला आणि १९७२ साली आगीत नष्ट झाला. घराघरांच्या भिंतींवर लागलेल्या लक्ष्मी आणि सरस्वती ज्या रीतीने छापल्या गेल्या ती रीत थरांची होती. रंगीत शिळाछपाईत प्रत्येक रंगछटेसाठी स्वतंत्र शिळा लागते. एकाच कागदावर त्या शिळा क्रमाने छापल्या जातात आणि प्रत्येक छाप आधीच्या छापाशी तंतोतंत जुळावा लागतो. जुळणी किंचित जरी सरकली तरी देवीच्या ओठांचा रंग ओठांबाहेर पडतो. ह्या कलेचे यश थर नाहीसे होण्यात आहे. पाहणाऱ्याला अनेक छाप दिसता कामा नयेत. एकच अखंड काया दिसली पाहिजे.

धुंडिराज गोविंद फाळके (१८७०–१९४४) यांचा लोणावळ्याशी संबंध आला तो ह्याच व्यवसायातून. पुराणवस्तू खात्यातील नोकरी सोडल्यानंतर त्यांनी लोणावळ्यास छपाईचा उद्योग सुरू केला. रविवर्मा छापखान्यासाठी छायाचित्रावरून शिळेवर प्रतिमा उतरवण्याचे काम तेथे होई. पुढे हाफटोन ठोकळे आणि तिरंगी छपाईही त्यांनी हाती घेतली. १९०८ च्या सुमारास हा व्यवसाय दादरला गेला. तिरंगी छपाईत एकाच दृश्याची रंगगाळण्यांतून तीन वेगवेगळी छायाचित्रे घेतली जातात आणि त्या तिन्ही थरांच्या मिलाफातून रंगांचा भास उभा राहतो. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी फाळके यांना प्रतिमा म्हणजे थरांचे गणित आहे हे हाताने ठाऊक झाले होते, असे म्हणण्यास हरकत नाही.

हे ज्ञान पुढे दोन भिन्न दिशांनी गेले. 'श्रीकृष्णजन्म' (१९१८) आणि 'कालियामर्दन' (१९१९) ह्यांसारख्या पटांत प्रतिमेवर प्रतिमा चढवून आणि कॅमेरा मध्येच थांबवून चमत्कार घडवले गेले. ही एक दिशा. दुसरी दिशा 'अंकुराची वाढ' ह्या १९१२ च्या छोट्या पटाची. कुंडीत लावलेल्या वाटाण्याची महिन्याहून अधिक काळ थोडीथोडी चित्रफीत घेत फाळके यांनी अंकुराची वाढ अवघ्या मिनिटभरात आणली. येथे एकही चौकट खोटी नाही. तरी जे दिसते ते कोणत्याही डोळ्याने कधी पाहिलेले नाही. काळाचे तुकडे निवडून एकमेकांना चिकटवल्याने वाढ ही अदृश्य गोष्ट दृश्य झाली.

एकाच हातून झालेल्या ह्या दोन कृती ध्यानात घेतल्या, की थरांविषयीचा एक ढोबळ ग्रह गळून पडतो. छायाचित्रात हस्तक्षेप झाला म्हणजे सत्याला बाधा आली, हा तो ग्रह. हस्तक्षेप वाटाण्यातही आहे. किंबहुना तेथे तो अधिक मूलगामी आहे, कारण काळाच्या गतीलाच तेथे हात घातला आहे. मग भेद कशात? थर आहेत की नाहीत ह्यात तो नाही. थरांच्या योगाने जे दाखवले जाते त्याच्याशी पाहणाऱ्याने कोणते नाते जोडावे अशी प्रतिमेची अपेक्षा आहे, ह्यात तो भेद शोधावा लागेल.

३

छायाचित्राला साक्षीचा अधिकार का मिळतो, ह्याचे उत्तर आंद्रे बाझँ यांनी १९४५ च्या निबंधात दिले ते प्रतिमेच्या घडणीवरून. चित्रकाराचा हात मध्ये न येता वस्तूच आपली प्रतिमा उमटवते, म्हणून ती विश्वसनीय वाटते. रोलां बार्त यांनी १९८० साली हीच गोष्ट काळाच्या भाषेत मांडली : छायाचित्र सांगते ते इतकेच, की समोरचे खरोखर होते. केंडल वॉल्टन यांनी १९८४ साली आणखी पुढे जाऊन छायाचित्रांतून वस्तू अक्षरशः पाहिल्या जातात असे प्रतिपादन केले. ह्याच कार्यकारणसंबंधावरून रॉजर स्क्रूटन यांनी १९८१ साली उलट निष्कर्ष काढला. छायाचित्र हा कारणाचा परिणाम आहे, हेतूचा आविष्कार नाही. म्हणून निखळ छायाचित्राला चित्राच्या अर्थाने कला म्हणता येणार नाही, असे त्यांचे मत. जी गोष्ट एकाला साक्षीचा पाया वाटते तीच दुसऱ्याला कलेचा अभाव वाटते.

कॅमेरा हलवून काढलेले छायाचित्र ह्या वादात अडचणीचे ठरते. शटर अर्धा सेकंद उघडे असताना हात खालून वर गेला आणि सागाची झाडे उभ्या पट्ट्यांत विरघळली, तर त्या पट्ट्या प्रकाशाचाच परिणाम असतात. कार्यकारणसंबंध तुटलेला नाही. पण आता नोंद केवळ झाडांची नाही. हाताच्या गतीचीही आहे. अमेरिकन अमूर्त अभिव्यक्तिवादी चित्रकारांविषयी हॅरल्ड रोझेनबर्ग यांनी १९५२ साली असा विचार मांडला की कॅनव्हास हे कृती घडण्याचे स्थळ झाले आहे. तोच विचार येथे अधिक काटेकोरपणे लागू पडतो, कारण चित्रकाराच्या फटकाऱ्यात केवळ त्याचा देह असतो, तर ह्या पट्ट्यांत देह आणि झाड दोन्ही असतात, आणि कोणाचा वाटा कोठे संपतो हे सांगता येत नाही. अमूर्त छायाचित्राची साक्ष नष्ट होत नाही; तिचा विषय बदलतो. 'हे येथे होते' ह्याऐवजी 'ह्याची आणि पाहणाऱ्याची अशी गाठ पडली' असे ते सांगते.

हे मान्य केले तर नितळ दस्तऐवज आणि कलंकित कलाकृती अशी सोपी विभागणीही टिकत नाही. खंडाळ्याच्या घाटातील रेल्वेमार्ग १८५६ ते १८६३ ह्या काळात हजारो मजुरांच्या श्रमांतून आणि अनेकांच्या मृत्यूतून उभा राहिला. त्या काळच्या ओल्या काचपट्टीला प्रकाश घेण्यास काही सेकंद लागत. अशा पट्टीवर खडक, कमान आणि स्तब्ध उभा असलेला अधिकारी स्पष्ट उमटणार; पाटी उचलून चालणारा मजूर पुसट होणार किंवा उमटणारच नाही. कोणीही अमूर्तीकरणाचा हेतू धरलेला नसताना यंत्राने श्रमाला अमूर्त केले. स्थिर उभे राहण्याची सवड ज्याला आहे तो इतिहासात दिसतो. म्हणून धूसरपणा हा कलावंताने साक्षीवर केलेला अत्याचार असतो, असे सरसकट म्हणता येत नाही. काही वेळा स्पष्टपणाच पक्षपाती असतो.

४

ह्या विवेचनाला आपल्या काव्यशास्त्राची एक जोड देता येईल. एका वस्तूच्या ठिकाणी दुसरी दिसण्याचे अनेक प्रकार अलंकारशास्त्राने फार बारकाईने वेगळे केले आहेत. भ्रांतिमानात पात्राला खरोखरच चुकीचे ज्ञान झालेले असते. संदेहात ज्ञान दोलायमान असते. अपह्नुतीत खऱ्याचा निषेध करून दुसरे स्थापले जाते. उत्प्रेक्षेत संभावना असते. 'जणू' हा शब्द तेथे उघड किंवा गुप्त राहतो. ह्या भेदांच्या मुळाशी 'आहार्य' ही संज्ञा आहे. जो आरोप खोटा आहे हे जाणून हेतुतः केला जातो तो आहार्य. भ्रांतीत आरोप आहार्य नसतो; रूपकात आणि उत्प्रेक्षेत तो असतो. कवी आणि रसिक दोघांनाही ठाऊक असते की मुख हे चंद्र नाही, आणि हे ठाऊक असणे हीच काव्यव्यवहाराची नीती आहे.

मळवलीच्या देवीच्या चित्रापुढे हात जोडणाऱ्याला तो छापील कागद आहे हे ठाऊक नव्हते, असे मानणे उद्धटपणाचे होईल. 'लंकादहन'च्या (१९१७) पडद्यावर राम दिसताच प्रेक्षक पादत्राणे काढीत, असे सांगितले जाते; त्यांनाही आपण तंबूत किंवा नाट्यगृहात बसलो आहोत ह्याचा विसर पडला नसणार. दर्शनाचा व्यवहार भ्रांतीचा नव्हे, आहार्य ज्ञानाचाच आहे. म्हणून फाळके यांचे चमत्कार ही फसवणूक ठरत नाही. फसवणूक होते ती वेगळ्या ठिकाणी : जेथे प्रतिमा साक्षीच्या पीठावर उभी राहून 'जणू' हा शब्द गिळून टाकते. दोन ठिकाणची माणसे एका सभेत जोडून छापलेले वृत्तछायाचित्र अनीतिमान आहे ते थरांमुळे नव्हे, थर नाकारल्यामुळे. ती अपह्नुती असून भ्रांती उत्पन्न करू पाहते.

दुहेरी प्रकाश घेतलेल्या छायाचित्राला सर्वांत जवळचा अलंकार श्लेष होय. एकाच शब्दसमूहात दोन अर्थ राहतात, तशी एकाच पृष्ठावर दोन दृश्ये राहतात. सभंग आणि अभंग श्लेषातला फरक स्पष्ट करताना शास्त्रकारांनी दोन दृष्टान्त योजले. लाख आणि लाकूड जसे एकमेकांना चिकटून असतात तसा एक प्रकार. एकाच देठाला दोन फळे लागतात तसा दुसरा. छायाचित्रांतही हे दोन प्रकार सहज ओळखता येतात. पानावर चेहरा आणि चेहऱ्यावर ढग चढवला की बहुधा लाख आणि लाकूड हाती येते : दोन दृश्ये चिकटलेली असतात, पण एकमेकांची नसतात; सोलली तरी कोणाचे काही जात नाही. हौशी छायाचित्रकारांच्या पुष्कळशा 'प्रायोगिक' कामाचे दौर्बल्य हेच आहे. दोन्ही दृश्यांना पोसणारा देठ एक असेल तेव्हाच श्लेष अपरिहार्य होतो.

श्लेष आणि ध्वनी ह्यांतील सीमाही येथे महत्त्वाची आहे. दोन्ही अर्थ वाच्यच असतील तर तो श्लेष. प्रकरणाने शब्दाला एका अर्थावर आणून ठेवल्यानंतरही दुसरा अर्थ उमटत राहिला तर तो शब्दशक्तिमूल ध्वनी. म्हणजे ध्वनीसाठी संदर्भाचे बंधन लागते. अर्थ मोकाट सोडल्याने सूचकता वाढत नाही. तो एका जागी बांधल्यावर जे शिल्लक राहते तेच सूचित होते. ज्या अमूर्त छायाचित्राला कशानेही बांधलेले नाही, ज्यात काहीही पाहता येते, त्यात ध्वनी नाही. तेथे केवळ अनिश्चितता आहे. अनिश्चितता आणि व्यंजकता ह्यांची गल्लत हा अमूर्त छायाचित्राच्या समीक्षेतील एक नित्याचा दोष आहे.

लोणावळ्याचे धुके ह्या दोषाला खतपाणी घालते. पावसाळ्याचे चार महिने ह्या घाटमाथ्यावर ढग उतरलेले असतात. दरी, नागफणीचे टोक, झाडांच्या रांगा हे सर्व आपोआप पांढऱ्यात बुडते. निसर्गच वस्तूंची नावे पुसून देत असल्यामुळे येथे कोणालाही अमूर्त छायाचित्र मिळते. परंतु जे अमूर्तीकरण कोणत्याही निवडीवाचून मिळाले त्यात काय वगळायचे आणि का, हा प्रश्नच पडलेला नसतो. वगळण्याची जबाबदारी घेतल्याशिवाय अमूर्ततेला नैतिक वजन येत नाही.

५

ह्यावर एक प्रबळ आक्षेप येऊ शकतो, आणि तो मराठी सौंदर्यविचाराच्या मध्यभागातूनच येईल. बा. सी. मर्ढेकर यांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) मध्ये संवाद, विरोध आणि समतोल ह्या लयतत्त्वांवर कलाकृतीची घटना उभी केली. त्या भूमिकेवरून असे म्हणता येईल की छायाचित्रातील करडे पट्टे सागाचे आहेत की विजेच्या खांबांचे, ह्याचा त्यांच्या सौंदर्याशी संबंध नाही. त्यांतील अंतरे, गडदपणाचे चढउतार आणि त्यांचा समतोल एवढेच पाहावे. 'हे कशाचे?' हा प्रश्न लौकिकाचा आहे; कलेच्या दारात तो पादत्राणांसारखा बाहेर ठेवावा.

ह्या आक्षेपाचे बळ नाकारता येत नाही. छायाचित्राला आशयाच्या ओझ्यातून सोडवून पाहायला शिकवण्याचे काम अशाच दृष्टीने केले. परंतु रा. भा. पाटणकर यांनी 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) मध्ये दाखवून दिले आहे की कलाविषयक संकल्पनाव्यूह एकाच तत्त्वावर उभा नाही. लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशा दोन ध्रुवांमध्ये तो ताणलेला आहे आणि त्यांतील एक ध्रुव रद्द करून चालत नाही. हे विधान सर्व कलांविषयीचे असले तरी छायाचित्र त्याचे अत्यंत स्पष्ट उदाहरण आहे. संगीताला अलौकिक ध्रुवाकडे फार दूरवर जाता येते, कारण स्वराला कोणाचे देणे नसते. छायाचित्राला तितके दूर जाता येत नाही. त्याच्या द्रव्यातच दुसऱ्याचा वाटा आहे. चित्रकार रंग विकत घेतो. छायाचित्रकार प्रकाश समोरच्याकडून घेतो. म्हणून अमूर्त छायाचित्राची नैतिकता ऋणाच्या कल्पनेतून समजून घ्यावी लागते. ऋण घेणे हा अपराध नाही. फेडण्याची रीतही एकच नाही. ऋण घेतलेच नाही असे म्हणणे मात्र अपराध आहे.

एरन सिस्किंड यांची कारकीर्द ह्या दृष्टीने उद्बोधक आहे. १९३०च्या दशकात त्यांनी न्यूयॉर्कमधील हार्लेम वस्तीच्या सामाजिक दस्तऐवजीकरणात भाग घेतला. १९४०च्या दशकात ते सोललेल्या भिंती, फाटकी जाहिरातपत्रे, दोर आणि दगड ह्यांच्या सपाट, जवळून घेतलेल्या छायाचित्रांकडे वळले आणि अमूर्त अभिव्यक्तिवादी चित्रकारांचे सहप्रवासी झाले. सामाजिक छायाचित्रणावर निष्ठा असलेल्या जुन्या सहकाऱ्यांना हे स्थित्यंतर रुचले नाही. त्यांच्या नाराजीत एक खरा प्रश्न होता : भिंतीचा पोपडा सुंदर दिसू लागला की त्या भिंतीआड राहणाऱ्याचे दारिद्र्यही सुंदर दिसू लागत नाही काय?

६

हा प्रश्न मावळात आणला की तो फार तीक्ष्ण होतो. ह्या तालुक्याचे आणि त्याच्या शेजाराचे विसाव्या शतकातील रूप पाण्याने घडवले आहे. लोणावळा, वळवण आणि शिरवत्याचे जलाशय टाटांच्या वीजनिर्मितीसाठी बांधले गेले; खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ साली सुरू झाले. शेजारच्या मुळशी पेट्यात धरणाविरुद्ध १९२१ पासून सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला आणि ते हरले. पवना धरणाने १९७०च्या दशकाच्या आरंभी पवन मावळातील शेती पाण्याखाली घेतली. पवनेचे पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बऊर येथे आंदोलन झाले. पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. आज ह्याच जलाशयाच्या काठी पर्यटकांचे तंबू असतात आणि तुंग, तिकोना, लोहगड ह्यांची प्रतिबिंबे पाण्यात हलत असतात. पाण्याचा हलता पृष्ठभाग म्हणजे अमूर्त छायाचित्रकाराला आयता मिळालेला कॅनव्हास. त्या पृष्ठभागाची लय टिपणे म्हणजे त्याखाली काय आहे हे विसरण्यास मदत करणे, असा आरोप झाला तर त्याला काय उत्तर आहे?

एक उत्तर असे की दुःखाच्या जागी दुःखाचेच छायाचित्र काढले पाहिजे, असा नियम करता येत नाही. दस्तऐवजी छायाचित्रही दुःखाचे भांडवल करू शकते. ओळखू येणारा रडता चेहरा वृत्तपत्रात छापणे हा त्या माणसावरचा दुसरा आघात असू शकतो. तेथे न दाखवणे हा आदराचा प्रकार ठरतो. हे उत्तर बरोबर असले तरी अपुरे आहे. न दाखवणे हे मौन आहे की विस्मरण, हे केवळ न दाखवण्यावरून कळत नाही.

पवनेच्या पाण्यातच ह्या प्रश्नाचा एक नमुना पडलेला आहे. वाघेश्वराचे जुने दगडी मंदिर धरणाच्या पोटात गेले आहे. वर्षातला बराच काळ ते बुडालेले असते. उन्हाळ्यात पाणी ओसरले की उघडे पडते. समजा, एखाद्या छायाचित्रकाराने कॅमेरा एकाच ठिकाणी, एकाच उंचीवर रोखून मे महिन्यात मंदिराच्या दगडांचे आणि भाद्रपदात त्याच जागेवरच्या पाण्याचे, असे दोन प्रकाश एकाच पटावर घेतले. हाती येणारी प्रतिमा बहुधा ओळखू येणार नाही. दगडांच्या सांध्यांच्या आडव्या-उभ्या रेषांवर लाटांचा पोत चढेल; दोन्ही एकमेकांना खातील; काळा आणि करडा ह्यांचे एक अस्वस्थ जाळे उरेल. ते अमूर्त छायाचित्र असेल. पण त्यातले दोन थर लाख आणि लाकडासारखे नसतील. दोहोंचा देठ एक असेल : तीच जागा. आणि जी गोष्ट कोणत्याही एका दिवशी डोळ्याला दिसू शकत नाही, म्हणजे ही जागा एकाच वेळी गाव आहे आणि तळे आहे, ती येथे दिसेल. वाटाण्याच्या अंकुराची वाढ जशी कोणत्याही एका चौकटीत नव्हती, तसेच बुडणेही कोणत्याही एका छायाचित्रात नसते. बुडलेले किंवा उघडे तेवढे असते. बुडणे दाखवायला थरच लागतात. अशा ठिकाणी नितळ दस्तऐवजापेक्षा अमूर्त छायाचित्र अधिक सत्य सांगते, असे म्हणण्यास आधार आहे.

परंतु हे सत्य पाहणाऱ्याला कळणार कसे? पुण्या-मुंबईच्या कलादालनात 'रचना क्रमांक अमुक' अशा शीर्षकाखाली ती प्रतिमा टांगली, तर ती करड्या पोताची एक सुबक मांडणी एवढीच राहील. शीर्षकात जागेचे नाव आणि दोन महिने आले तर ती बदलेल. येथे स्वायत्ततावादी म्हणेल की शीर्षकावर अवलंबून असणारी कलाकृती अपुरी आहे. ह्याला उत्तर मागील विवेचनात आले आहे. शब्दशक्तिमूल ध्वनीला प्रकरणाचे बंधन लागते, म्हणून काव्य अपुरे ठरत नाही. शीर्षक हे छायाचित्राचे प्रकरण आहे. ते प्रतिमेला एका जागी बांधते, आणि बांधल्यामुळेच तिच्यातून जागेपलीकडचे काही ऐकू येऊ लागते. 'पवना, मे आणि सप्टेंबर' एवढे म्हटल्यावर ती प्रतिमा केवळ पवनेची राहत नाही. जेथे जेथे एकाच्या तहानेसाठी दुसऱ्याचे घर गेले तेथली ती होते. साधारणीकरणाचा मार्ग विशेषाला पुसून जात नाही, विशेषातून जातो, हे रसचर्चेतील मर्म येथे पुन्हा प्रत्ययास येते.

७

तरीही एक अडचण शिल्लक राहते आणि तिचे समाधान सिद्धान्ताच्या पातळीवर होईल असे दिसत नाही. शीर्षक खोटे असू शकते. वाघेश्वराच्या दगडांऐवजी अंगणातली फरशी आणि हौदातले पाणी घेऊन तशीच प्रतिमा घडवता येईल, आणि डोळ्याला फरक कळणार नाही. ओळखू येणाऱ्या छायाचित्रात लबाडीला निदान वस्तूच्या रूपाचा अडथळा असतो. अमूर्त छायाचित्रात तोही नाही. अलीकडच्या काही वर्षांत तर शब्दांवरून प्रतिमा बनवणाऱ्या यंत्रणांमुळे भिंगासमोर काहीच नसताना छायाचित्रासारखे दिसणारे पट तयार होऊ लागले आहेत. ओळखीचे चेहरे बनवताना त्या यंत्रणा काही वेळा चुकतात. पोत आणि धूसरता बनवताना त्यांची चूक पकडण्याचे साधनच पाहणाऱ्याकडे नसते.

म्हणजे ज्या छायाचित्राला साक्षीपासून सर्वांत अधिक मुक्ती मिळाली असे वाटत होते, तेच साक्षीच्या नीतीवर सर्वांत अधिक विसंबून आहे. ओळखू येणारे छायाचित्र थोडे तरी स्वतःच्या बळावर उभे राहते. अमूर्त छायाचित्र मात्र आपण प्रकाशाचे ऋणी आहोत हे केवळ शब्दावर सांगू शकते, आणि तो शब्द छायाचित्रकाराचा असतो. नसरीन मोहमदी यांनी आपली छायाचित्रे प्रदर्शनात मांडली नाहीत ह्यामागचा हेतू काहीही असो; त्या छायाचित्रांचे मोल आज केवळ रेषांच्या शिस्तीत शोधले जात नाही. एक विशिष्ट व्यक्ती विशिष्ट फरशीपुढे, विशिष्ट उन्हात उभी होती, ह्या विश्वासावरही ते उभे आहे. तो विश्वास काढून घेतला तर रेषा तशाच राहतील, पण ती छायाचित्रे राहणार नाहीत.

ह्यावरून समीक्षेचे एक कर्तव्य निष्पन्न होते. अमूर्त छायाचित्रापुढे 'हे कशाचे?' हा प्रश्न अडाण्याचा म्हणून झिडकारण्याची सवय सोडली पाहिजे. रसिकतेच्या नावाखाली तो प्रश्न दडपला गेला, की फरशी आणि मंदिर, हौद आणि धरण ह्यांत भेद करण्याचे कारणच उरत नाही, आणि बुडालेल्या गावावरचे पाणी हे नुसते पाणी होते. प्रश्न विचारावा, त्याचे उत्तर मिळाल्यावर प्रतिमा संपत असेल तर ती कोडे होती, कलाकृती नव्हती. उत्तर मिळाल्यानंतरही जी प्रतिमा पाहणाऱ्याला जाऊ देत नाही, तिच्या थरांचा हिशेब मांडायला समीक्षकाने तेथून पुढे बसावे.